मेडिकलची मुलं २०६ हाडं कशी शिकतात? आणि ती हाडं येतात कुठून?

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीला एमबीबीएसला ॲडमिशन मिळाली. पहिल्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा पाठीवर सॅक होती आणि हातात एक जड कापडी पिशवी. आजीने विचारलं, "पिशवीत काय गं?" ती म्हणाली, "हाडं."

आजीला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पिशवी उघडली तर आत खरंच हाडं होती. माणसाची. पुढची पाच-दहा मिनिटं घरात जे काही झालं ते सोडून देऊ. शेवटी तह झाला तो असा: पिशवी गॅलरीतल्या कपाटात राहील, आणि हाडांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

या पिशवीला मेडिकलच्या भाषेत 'बोनसेट' म्हणतात. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकताना हा सेट जवळ असावा लागतो. बहुतेकांना तो सीनियरकडून मिळतो. सीनियरला त्याच्या सीनियरने दिलेला असतो. साखळी मागे मागे नेत गेलो की एक प्रश्न येतोच. ही हाडं मुळात होती कुणाची?

त्या प्रश्नाकडे येऊच. पण त्याआधी या हाडांचं मुलं करतात काय, ते समजून घेऊ. कारण त्याशिवाय खरी हाडं लागतात कशाला, हे कळणार नाही.

२०६ हा आकडा कसा येतो?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडं असतात. त्यांचे दोन गट करतात. कवटी, कानातली इवलीशी हाडं, पाठीचा कणा, बरगड्या, छातीचं मधलं हाड वगैरे मिळून ८०. हात-पाय आणि त्यांना धडाशी जोडणारी हाडं मिळून १२६.

यातली गंमत म्हणजे एका हाताच्या पंजात मनगटासकट २७ आणि एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही बाजू धरल्या तर १०६. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं फक्त पंजात आणि पावलात आहेत. जिथे बारीक हालचाल हवी, तिथे तुकडे जास्त, असा हा सरळ हिशोब आहे.

बाळ जन्मतं तेव्हा हाडांचे तुकडे यापेक्षा बरेच जास्त असतात. वाढीबरोबर ते एकमेकांना जुळत जातात. बाळाच्या डोक्यावर आपण ज्याला 'टाळू' म्हणतो, ती कवटीच्या हाडांमधली अजून न भरलेली जागा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. कमरेखालचं त्रिकोणी हाड लहानपणी पाच सुटे मणके असतात, मोठेपणी एकच होतं. म्हणून '२०६' हा आकडा देवाने शिक्का मारून दिलेला नाही. एखाद्याला बरगडी जास्त असते, एखाद्याला मणका.

सुश्रुताने ३०० का मोजली?

सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० दिली आहे. चरकसंहितेत ३६०. मग आपले पूर्वज चुकले का? मुख्य फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. सुश्रुताने दात आणि कूर्चाही हाडांत धरल्या. चरकाच्या यादीत तर नखंही आहेत.

पण सुश्रुताची खरी महत्त्वाची गोष्ट आकड्यात नाही, पद्धतीत आहे. वैद्याने शरीर आतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. त्यासाठीची कृतीही दिली आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा. मग वाळा, बांबू वगैरेंच्या कुंचल्याने हळूहळू एकेक थर खरवडत बघत जायचं.

युरोपात हीच गोष्ट पटायला बराच काळ जावा लागला. तिथे गेलन या वैद्याचा शब्द तेराशे वर्षं प्रमाण होता. गेलनचा बराचसा अभ्यास प्राण्यांवर होता, त्यामुळे माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं तो लिहून गेला. १५४३ साली आंद्रेआस व्हेसेलियस याने आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की माणसाचा जबडा एकच हाड आहे. त्याने त्यासाठी काय केलं? कवट्या हातात घेऊन पाहिल्या. एवढंच.

म्हणजे हाड हातात घेऊन शिकणं ही या विषयाची सवय नाही, पायाच आहे.

हातात हाड दिलं की पहिला प्रश्न: उजवं की डावं?

ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेला, म्हणजे व्हायवाला, टेबलावर हाडं मांडलेली असतात. सर एक उचलून देतात. विद्यार्थ्याने आधी हाडाचं नाव सांगायचं. मग ते उजव्या बाजूचं की डाव्या, ते सांगायचं. मग ते हाड आपल्या शरीरात जसं असतं अगदी तसं धरून दाखवायचं. आणि मग त्याच्यावरची प्रत्येक खाच, उंचवटा आणि भोक कशासाठी आहे, हे सांगायचं.

उजवं-डावं ओळखायच्या युक्त्या भारी आहेत. गुडघ्याची वाटी घ्या. तिचं टोक आपल्यापासून लांब आणि गुळगुळीत बाजू खाली करून टेबलावर ठेवायची. वाटी ज्या बाजूला कलंडेल, त्या पायाची. कारण आतल्या पृष्ठभागाचा बाहेरच्या बाजूचा भाग मोठा असतो आणि वाटी त्याच्यावर टेकते. बहिणीने आम्हाला हे जेवणाच्या टेबलावर करून दाखवायचा प्रयत्न केला होता. आजीने परवानगी दिली नाही, मग गॅलरीतल्या स्टुलावर दाखवलं.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब हाड. त्याचा गोल डोक्यासारखा भाग वर आणि आतल्या बाजूला वळलेला असतो, आणि मागून एक खरखरीत रेघ खाली जाते. गोळा आत, रेघ मागे, असं धरलं की बाजू कळते.

मनगटातली आठ हाडं मात्र सगळ्यांना रडवतात. त्यांच्यासाठी 'शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर' हे इंग्रजी वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं जातंय. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एका हाडाचं पहिलं अक्षर. वाक्य जुनाट आहे हे बहिणीच्या वर्गातल्या मुलीच सांगतात, पण परीक्षेत आठवतं तेच.

खाचा आणि उंचवटे पाठ करून काय मिळतं?

मलाही हा प्रश्न पडला होता. एक्स-रे असताना प्रत्येक खाचेचं नाव कशाला हवं?

उत्तर असं की हाडावरची कुठलीच खूण उगाच नसते. स्नायू जिथे ओढतो तिथे हाड खरखरीत होतं. नस किंवा रक्तवाहिनी जिथून जाते तिथे खाच दिसते. दंडाच्या हाडावर साधारण मध्यावर, बाहेरच्या बाजूला, एक इंग्रजी व्ही अक्षरासारखा खरखरीत भाग असतो. कोविडची लस आपण खांद्याजवळच्या ज्या स्नायूत घेतली, तो तिथे येऊन चिकटतो. त्याच्या मागून एक तिरकी खाच जाते. त्या खाचेला लागून एक मोठी नस असते. म्हणून दंडाचं हाड मधोमध मोडलं की डॉक्टर आधी म्हणतात, "मनगट वर उचलून दाखवा." नस दुखावली असेल तर मनगट लोंबतं. हे ज्याला माहीत नाही, तो फक्त प्लास्टर घालेल.

आता आमच्या घरातलं उदाहरण. दोन वर्षांपूर्वी आजी बाथरूममध्ये घसरून पडली. ऑपरेशन झालं, खुब्यात कृत्रिम गोळा बसवला. तेव्हा आम्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता: हाड मोडलंय, तर जुळवत का नाहीत? थेट बदलायचं कशाला?

त्या सुट्टीत एका संध्याकाळी आजीच गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "माझं कुठलं मोडलं होतं, ते दाखव."

बहिणीने मांडीचं हाड हातात घेतलं. वरचा गोळा आणि खालचा दांडा यांच्यामध्ये एक अरुंद, तिरका भाग असतो. त्याला हाडाची मान म्हणतात. मोठ्या वयात गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः या मानेवरून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून होतो. मान मोडली की त्या वाहिन्या तुटू शकतात. मग वरचा गोळा उपाशी पडतो आणि मरतो. उतारवयात असा जोड बसण्याची खात्री कमी, आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहण्याचा धोका मोठा. म्हणून पुष्कळदा गोळाच बदलतात.

हॉस्पिटलमध्ये कुणी आम्हाला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. आजीने लांबूनच हाडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी जागा."

सांध्यांचं काय?

हाडं एकेकटी पाठ होतात, पण शरीर चालतं सांध्यांवर. शिकताना सांध्यांचे तीन मोठे गट करतात.

पहिले, जवळजवळ न हलणारे. कवटीची हाडं एकमेकांत नागमोडी रेषेने अडकलेली असतात. दुसरे, थोडेसे हलणारे. मणक्यांच्या मधली 'गादी' यातली. आणि तिसरे, मोकळे हलणारे. यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवीसारखं आवरण असतं आणि आत वंगणासारखा द्रव.

सुश्रुतानेही सांध्यांचे आठ प्रकार केलेत आणि त्यांची नावं घरातल्या वस्तूंवरून, ओळखीच्या गोष्टींवरून ठेवलीत. खांदा आणि खुबा म्हणजे 'उलूखल', आपलं उखळ. कवटीचे सांधे 'तुन्नसेवनी', म्हणजे शिवण. आजच्या डॉक्टरांचा 'सूचर' हा शब्दही लॅटिनमधल्या शिवण्यावरूनच आलाय. दोन वेगळ्या जगांतल्या माणसांनी कवटी हातात घेतली आणि दोघांनाही शिवणच दिसली.

मोकळ्या सांध्यांचे प्रकार तुम्ही आत्ता, बसल्या जागी करून बघू शकता.

- मान हलवून 'हो' म्हणा. ही हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यात होते. आता 'नाही' म्हणा. ही पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात होते. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटा असतो, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा.
- कोपर वाकवा. ही बिजागरी. एकाच दिशेत उघडझाप.
- कोपर न हलवता तळहात पालथा-उलथा करा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत, त्यातलं एक दुसऱ्यावरून फिरतंय. कुलपात किल्ली फिरवतो ती हीच हालचाल.
- अंगठा करंगळीला टेकवा. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारखा आहे. तो नसता तर सुईत दोरा ओवणं अवघड झालं असतं.
- हात खांद्यातून गोल फिरवा. मग पाय खुब्यातून फिरवून बघा. दोन्ही उखळंच, पण खांद्याचं उखळ उथळ बशीसारखं आणि खुब्याचं खोल वाटीसारखं. म्हणून हात जास्त फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सगळ्यात जास्त वेळा निखळतो. खुबा कमी फिरतो, पण अख्ख्या शरीराचा भार पेलतो.

मोकळेपणा हवा की मजबुती, हा प्रत्येक सांध्यातला सौदा आहे. आणि गुडघेदुखीच्या घराघरातल्या तक्रारीचं मूळही इथेच आहे. सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून, हालचालीने दाबली-सोडली गेल्यावर. त्यामुळे हालचाल थांबवणं तिला मानवत नाही, आणि एकदा झिजली की ती सहजासहजी भरून येत नाही.

मग प्लास्टिकचं मॉडेल का चालत नाही?

चालतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे सांगाडे आहेत, थ्रीडी ॲप आहेत, मोठ्या स्क्रीनची टेबलं आहेत. नावं पाठ करायला ते पुरेसं आहे. पण एका साच्यातून निघालेली सगळी मॉडेल सारखीच असतात. माणसं सारखी नसतात.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण घोट्यातलं आहे. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, समोरच्या कडेवर, काही हाडांत एक छोटा गुळगुळीत भाग दिसतो. आयुष्यभर उकिडवं बसणाऱ्या माणसांत तो जास्त आढळतो. उकिडवं बसलं की घोटा पूर्ण दुमडतो आणि दोन हाडं तिथे एकमेकांना टेकतात. त्यांची ती खूण. म्हणजे बोनसेटमधली एखादी नडगी सांगू शकते की हा माणूस शेतात निंदायला, चुलीपुढे फुंकायला किंवा नुसता गप्पा मारायला वर्षानुवर्षं उकिडवा बसत होता.

हे ऐकल्यावर पिशवीतल्या हाडाकडे 'स्टडी मटेरियल' म्हणून बघणं जरा कठीण होतं.

तर, ही हाडं कुणाची?

आता मूळ प्रश्न. आणि याचं उत्तर फारसं सुखावणारं नाही.

विसाव्या शतकात जगभरातल्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे पुरवणारा सगळ्यात मोठा देश भारत होता. कोलकाता हे या धंद्याचं केंद्र. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राने १९८५ साली दिलेल्या बातमीनुसार, आदल्या एका वर्षात भारतातून सुमारे ६०,००० कवट्या आणि सांगाडे बाहेर गेले होते. ब्रिटन-अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांत, कपाटांत आजही भारतीय माणसांचे सांगाडे आहेत.

ही माणसं गरीब होती, बेवारस होती, किंवा अंत्यसंस्काराचा खर्च न परवडणाऱ्या घरांतली होती. त्यांनी जिवंतपणी 'माझा सांगाडा शिकायला वापरा' असं सांगितलेलं नव्हतं. लहान मुलांच्या सांगाड्यांच्या निर्यातीवरून आरोप झाले आणि १९८५ साली केंद्र सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. पण चोरटा धंदा पूर्ण थांबला नाही. २००७ साली पश्चिम बंगालच्या बर्धमान जिल्ह्यात पूर्वस्थळी इथे पोलिसांनी हाडांचा साठा पकडला, तेव्हा कबरी उकरून हाडं काढणाऱ्यांची साखळी समोर आली.

कायदेशीर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम आहे. त्यानुसार ठराविक मुदतीत कुणी ताबा न मागितलेले मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना शिकवण्यासाठी देता येतात. आणि दुसरा मार्ग म्हणजे देहदान.

यातला फरक महत्त्वाचा आहे. बेवारस देहाच्या बाबतीत त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. देहदानात त्याने स्वतः 'हो' म्हटलेलं असतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाड तेच, पण ते मिळालंय कसं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि सीनियरकडून ज्युनियरकडे फिरणाऱ्या जुन्या बोनसेटबद्दल तर विद्यार्थ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

देहदान कसं करतात?

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो. तो भरून, साक्षीदारांच्या सह्यांसह द्यायचा. पण नुसता फॉर्म पुरत नाही. मृत्यूनंतर कळवायचं असतं घरच्यांनी, तेही काही तासांत. म्हणून घरच्यांशी आधी बोलून ठेवणं हीच खरी पायरी. पोस्टमॉर्टेम झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान करून मग देहदान करता येतं.

देहदानासाठी काम करणाऱ्या अनेक संस्था दधीची ऋषींचं नाव लावतात. देवांच्या वज्रासाठी स्वतःची हाडं देणारे ते दधीची. आणि हा विषय कुठल्या एका विचाराच्या लोकांचाही नाही. २०१० साली जानेवारीत कम्युनिस्ट नेते ज्योती बसू गेले आणि फेब्रुवारीत संघाच्या मुशीतले, हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख. आयुष्यभर विरुद्ध टोकांना उभ्या असलेल्या या दोघांनीही देहदान केलं होतं.

अनेक कॉलेजांत आता पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शनला सुरुवात करण्याआधी शपथ घेतात. समोरचा देह आपला पहिला शिक्षक आहे, त्याचा मान राखू, अशा अर्थाची. बहिणीच्या कॉलेजात हाडांबरोबर सेल्फी काढायला बंदी आहे. हाड जमिनीवर ठेवायचं नाही, हा तर लिहिलेला नसलेला नियम.

आजीने देहदानाचा फॉर्म भरलाय का? नाही. "बघू" म्हणालीय, आणि आम्ही कुणी तिच्या मागे लागलेलो नाही. पण पुढच्या सुट्टीला बहीण आली तेव्हा पिशवी गॅलरीत गेली नाही. आजीने तिच्या जुन्या सुती लुगड्याचा एक धुतलेला तुकडा काढून दिला आणि सांगितलं, "यात नीट बांधून ठेव. माणूस आहे ते."